दात बघून घेतली

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार. बेलापूर

आले एकदाची! तिसगावहून नगर, नगरहून श्रीरामपूर, आणि तिथून रिक्षात आठ माणसं, एक कोंबड्यांची पाटी आणि माझी ट्रंक. पप्पा सोडायला आले होते. म्हटलं होतं, नका येऊ, पंचविशीतली घोडी आहे मी. पण शमुवेल मास्तर ऐकतील तर शपथ! शाळेतून निवृत्त झाले तरी अख्ख्या जगाला चौथीच्या वर्गातलं समजतात.

खाली डॉक्टर रॉबिन यांचा दातांचा दवाखाना, वर ते आणि त्यांच्या आई रतनबाई राहतात. गच्चीवर एक खोली आहे, ती माझी. खिडकीतून बघावं तिकडे ऊस. आमच्या पाथर्डीकडचे बोडके डोंगर बघत वाढलेल्या मला हे हिरवं बघूनच धन्य वाटलं. जेवण रतनबाईंच्याच हातचं. त्यांनी दारातच सलाम करून मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, की आता ही लेक माझी. आई गेल्यापासून असं पोटाशी कुणी धरलं नव्हतं. मला रडूच आलं, मग मी शिंक आल्याचं नाटक केलं.

नोकरी कशी मिळाली ते लिहून ठेवते, पुढं हसायला बरं. गेल्या महिन्यात पप्पांबरोबर मुलाखतीला आले, तर सरांनी कागद उघडलेसुद्धा नाहीत. सरळ खुर्चीत बसवलं, आ करायला लावलं, एकेका दातावर आरशाच्या दांडीनं टकटक केलं. मग वरून रतनबाईंना बोलावलं, त्यांनीही वाकून बघितलं. मी म्हटलं, सर, तिसगावच्या बाजारात बैल असाच घेतात. सगळे हसले. पप्पांना तर चेवच आला. म्हणाले, जुळलेली आहे, बिनघोर घ्या! सगळे दात आलेल्या बैलाला आमच्याकडे जुळलेला म्हणतात. सर म्हणाले, की हिरड्यांचं काम करणाऱ्या मुलीच्या हिरड्याच खराब असतील तर पेशंट काय ऐकणार? बरोबरच आहे की.

निघताना रतनबाईंनी पप्पांना उसाची कांडी दिली. साठी उलटलेले पप्पा दातांनी साल सोलून कराकरा खातात. रतनबाई आणि सर दोघंही बघतच राहिले. पप्पांना स्तुती चढली, अजून एक मागितली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

काम आवडलं. आमचं काम जोडीनं चालतं. एकजण हिरडी मोजतो, दुसरा लिहितो. प्रोब नावाची बारीक सळई असते, टोकाला मिलिमीटरच्या खुणा. दात आणि हिरडी यांच्या मधल्या फटीत ती अलगद सोडायची, आत किती जाते ते मोठ्यानं सांगायचं. दोन, तीन, दोन म्हणजे उत्तम. चार आलं की कान टवकारायचे. सहा-सात आलं म्हणजे आत हाड विरघळतंय आणि दात नुसता मांसावर उभा आहे. इथं मी मोजते, सर लिहितात. माझा आवाज खणखणीत आहे, बाहेर बसलेल्यांनाही दुसऱ्याच्या तोंडाचे आकडे ऐकू जातात. त्यांची तेवढीच करमणूक.

आज सहादेव नावाचे शेतकरी आले. ब्रश केला की रक्त, म्हणून दोन महिने ब्रशच बंद! त्यांचं म्हणणं, की बाई, दात साफ करून घेतले की हलत्यात म्हनं, माझ्या मेव्हन्याचे तसेच हलले. मी म्हटलं, मामा, मेव्हण्याचे दात आधीच हलत होते. मधे किटण साचलं होतं, त्यानं ते सिमेंटसारखे धरून ठेवले होते. किटण काढलं आणि खरं उघडं पडलं. मग आरसा हातात देऊन दाखवलं. चांगली हिरडी फिकी गुलाबी असते, दाताला घट्ट धरून बसते. बिघडलेली लाल, सुजलेली असते, हात लागला की रक्त. मऊ ब्रश, दोन वेळा, हिरडी आणि दात जुळतात तिथं तिरका धरून. रक्त येतंय म्हणून थांबायचं नाही, रक्त येतंय म्हणूनच घासायचं. मामा गंभीरपणे मान हलवत होते. गेल्यावर सर म्हणाले, की तू जीव तोडून सांगतेस. मी फुगले.

२० नोव्हेंबर, बुधवार

रतनबाईंना आता मी रतनआई म्हणते. त्यांच्या तोंडात एकही दात नाही. मुलगा दातांचा डॉक्टर आणि आई बोळकी! गाव म्हणतं, दिव्याखाली अंधार. सरांनी तीन कवळ्या करून दिल्या, एकही बसली नाही, कारण खालचं हाडच झिजून गेलंय. भाकरी दुधात कुस्करून, गाळ करून खातात. सर समोर बसून बघत राहतात आणि त्यांचं जेवण थंड होतं. ते स्वतः आमच्यात बसून कधी जेवत नाहीत. नंतर, एकटेच. मास्क तर घरातही असतो.

आईची गोष्ट मी रतनआईंना सांगितली. माझी आई मशेरी लावायची. तंबाखू तव्यावर जाळून काळी करायची, सकाळी ओट्यावर बसून बोटानं हिरड्यांना चोळायची, मग तोंडात धरून तासभर बोलायची नाही. हिरड्या कधी दुखल्या नाहीत, कधी रक्त आलं नाही. तंबाखू रक्तच आवळून धरते ना! चाळिशीत सगळे दात गेले. लग्नानंतरच्या एकाही फोटोत आईचं तोंड उघडं नाही. पुढं त्याच तोंडाच्या आजारानं गेली. म्हणून तर मी हा हिरड्यांचा कोर्स केला. पप्पांनी मला एकच शपथ घातली होती, की मशेरीला हात लावायचा नाही. आणि मी स्वतःशी दुसरी घातली, की माझे दात माझ्याबरोबर मातीत जातील, आधी नाही.

रतनआईंनी माझे केस विंचरत सगळं ऐकलं. म्हणाल्या, तंबाखू म्हंजी इख हाय पोरी, माझ्या घरात न्हाई चालायची.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

ब्रशवर थोडं गुलाबी दिसलं. गंमत वाटली, वैद्याच्याच घरी खोकला. गेल्या आठवड्यात सर्दी, दगदग, एक-दोनदा कंटाळून ब्रश न करता झोपले, त्याचंच फळ असणार. रतनआईंना बोलता बोलता सांगितलं, तर त्या उठल्याच. स्टीलच्या डब्यातून काळं मंजन आणलं. मी आधी हुंगून बघितलं, शपथ आहे ना. तंबाखू नाही. लवंग, तुरटी, कापूर. खडूसारखं काहीतरी जाळल्याचा वास होता, तो ओळखू आला नाही.

त्या म्हणाल्या, की पहिल्यांदा घरातल्या थोरलीनं आपल्या बोटानं लावायचं, तशी रीत हाय. मी आ केलं. बोट खरखरीत होतं, पण हात किती मायेचा! प्रत्येक दाताशी थांबून, हळूहळू, जसं काही ओळख करून घेतायत. मी डोळे मिटले.

६ डिसेंबर, शुक्रवार

रक्त बंद! हिरड्या घट्ट, फिक्या, थंड. रोज सकाळी रतनआई लावतात, मी पोरीसारखी आ करून बसते. दातांच्या मुळाशी थोडी काळी रेघ येते, ती ब्रशनं निघत नाही. असू दे.

सहादेवमामा तपासणीला आले. चाराचे आकडे तिनावर आले, रक्त थांबलंय, कारण ते खरंच घासतात. मी त्यांना बजावलं, की मामा, नुसतं रक्त थांबलं म्हणजे रोग थांबला असं समजायचं नाही. मोजून बघायचं.

एक लिहायचं राहिलं. दवाखान्यात काढलेले दात पिवळ्या पिशवीत टाकायचे असतात. आज पिशवी रिकामी. सर म्हणाले, की कॉलेजची मुलं शिकायला नेतात. खरंय, आमच्याकडेही न्यायची.

१५ डिसेंबर, रविवार

चर्चमध्ये गाताना वरच्या दातांमधून वारा गेल्यासारखं वाटलं. आरशात बघितलं, तर दात लांब झालेत. दात लांब होत नसतात, हिरडी मागे सरकते, हे मी रोज दहाजणांना सांगते. जेवताना प्रत्येक फटीत घास अडकतो. तोंडाला वास येतोय, मला स्वतःला कळतोय.

स्वतःच्या तोंडात स्वतः नीट मोजता येत नाही, मागच्या दाढा दिसतच नाहीत. म्हणून सरांना सांगितलं. त्यांनी लगेच खुर्चीत बसवलं. एक्स-रे काढा म्हटलं, तर मशीन बंद आहे म्हणाले. मग प्रोब घेतली. दोन, तीन, दोन. दोन, दोन, तीन.

मी हे काम शेकडो वेळा केलंय. सळई किती आत गेली हे ती धरणाऱ्याला कळतं, तसं जिच्या हिरडीत जाते तिलाही कळतं. ती आत चालली होती, आणखी आत, मुळाच्या पार टोकाशी थंड लागली. आणि सर म्हणाले, दोन.

वाटलं, मीच घाबरले आहे. ते डॉक्टर आहेत, माझ्याशी खोटं कशाला बोलतील? मी थँक्यू म्हटलं. देवा, थँक्यू म्हटलं मी त्यांना!

२५ डिसेंबर, बुधवार. नाताळ

घरी जाणार होते. रतनआईंनी परवा छातीत दुखतंय म्हणून अंथरूण धरलं आणि माझा हात सोडेनात. पप्पांना फोन केला, ते हिरमुसले. पण म्हणाले, त्यांनी तुला लेक मानलंय, तूही मान.

आज त्या टुणटुणीत. उपासना झाली, फराळ झाला. मी करंजी मोडून मऊ सारण तेवढं खाल्लं, बाकी चाववेना. रतनआई स्वयंपाकघरात पाठमोऱ्या बसल्या होत्या. चकली मोडल्याचा आवाज आला. मग चावल्याचा. कराकरा, आमचे पप्पा ऊस खातात तसा.

मी हाक मारली, तर पदर तोंडाला लावून वळल्या. हसत होत्या, नुसत्या डोळ्यांनी.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

खालचा पुढचा दात जिभेनं हलतो. मी जीभ दाबून धरते, हलवायची नाही म्हणून. पण जीभ ऐकत नाही मेली, सारखी तिथंच जाते.

मंजन बंद करते म्हटलं. सकाळी नाही लावलं, तर ब्रश न करताच रक्त, उशीवर, भाकरीवर, बोलताना हनुवटीवर. दुपारी मीच खाली जाऊन आ केलं.  रतनआईंनी पदराआडून बोट पुढं केलं.

९ जानेवारी, गुरुवार

रतनआई महिला मंडळाच्या प्रार्थनेला गेल्या होत्या. मीठ हवं होतं, गुळण्या करायला. स्वयंपाकघरात गेले. चूल विझवलेली, तव्यावर झाकण, आणि तोच वास, खडू जाळल्याचा.

झाकण उचललं. दात होते. भाजून काळे पडलेले. शेजारी खलबत्त्यात निम्मे कुटलेले. एका दाढेत भरलेली चांदी मला ओळखू आली. गेल्या महिन्यात ज्यांची दाढ काढली त्या बाईंची.

मोरीत ओकले. ओकताना खालचा तो दात पाण्यात पडला. टप् असा आवाज झाला. रक्ताचा थेंब नाही. रडत रडत रुमालात बांधला, उशीखाली ठेवला.

१० जानेवारी

रुमाल आहे. गाठ तशीच आहे. आत काही नाही.

चहा देताना आज रतनआई पदर न लावता हसल्या. गुलाबी हिरडीत एक दात. खाली, पुढे.

१३ जानेवारी, सोमवार

श्रीरामपूरला जाऊन सगळ्या जबड्याचा एक्स-रे काढला. सरांना सांगितलं, की कापड घ्यायचंय. फोटो काढणारा मुलगा विचारत होता, की पेशंट बाई किती वर्षांच्या आहेत, साठी-पासष्टी का? मी म्हटलं, माझाच आहे. 

हाड नाहीच. नळावर लोंबणारे थेंब असतात तसे दात लोंबतायत.

परत आले आणि एक्स-रे सरांच्या टेबलावर आपटला. म्हटलं, दोन का म्हणालात? ते चिडले नाहीत. मास्क काढला आणि रडले. त्यांच्या हिरड्यांनाही तीच काळी रेघ, समोरचे दात लांब, तिरपे, बाहेर आलेले. म्हणाले, की आईच्या हिरडीत हाड परत भरलंय, तिनं भाकरी मोडून खाल्ली, दया, माझ्यासमोर खाल्ली, तू बघितलं असतंस तर तुलाही बरं वाटलं असतं. म्हणाले, की तू तरुण आहेस, तुझं निभेल. तुला मी चांगल्यातली कवळी करून देईन, अगदी मापाची.

मला बैलासारखं दात बघून घेतलं. आणि मी हसले होते, सगळ्यांत आधी.

१४ जानेवारी, संक्रांत

पप्पांना फोन. हरामखोरांची सगळी हकिगत सांगायला गेले आणि तोंडातून नुसता फसफसाट. पुढचे तीन गेलेत. स धड येत नाही, त येत नाही, द तर नाहीच. स्वतःचं नाव सांगता येत नाही मला.

 पप्पा म्हणाले, की तोंडातलं आधी थुंक.

म्हटलं, तोंडात काही नाही. ते म्हणाले, की तुझी आई पण हेच म्हणायची. डॉक्टरांनी त्यांना रविवारीच फोन केला होता. सांगितलं होतं, की पोरगी चोरून मशेरी लावते, हिरड्यांवर काळी रेघ आलीय, दात जायला लागलेत, तरी मी फुकट उपचार करतोय.

पप्पा रडत होते. शपथ मोडलीस म्हणाले. आईवर गेलीस.

पप्पा, तुम्ही तरी. तुम्ही तरी!

मी ओरडले, जितकं ओरडता आलं तितकं. ते म्हणाले, की दोन तारखेला रविवारी येतो. तोवर तिथून हलू नकोस, त्या देवमाणसांनी सांभाळलंय तेवढं पुष्कळ आहे.

१७ जानेवारी

पळाले होते. फाट्यापर्यंत. ताप आहे, गाल सुजलाय, पाय चालत नाहीत. सहादेवमामा मोटारसायकलवर भेटले. मी हात जोडले, श्रीरामपूरला सोडा म्हटलं, त्यांना कळेना. ओढणी खाली ओढून तोंड दाखवलं. काळ्या रेघा बघून त्यांचा चेहराच बदलला. म्हणाले, बाई, आमाला एवढं शिकिवता आन् तुमीच मशेरी?

गाडीवर बसवलं. माझ्या सूचना पाळून त्यांच्या हिरड्या बऱ्या झाल्या, ते वाटभर सांगत होते. आणि परत इथंच आणून सोडलं. डॉक्टरांच्या ताब्यात दिलं, लई जपा म्हणाले.

२१ जानेवारी

बाहेरून कुलूप. पप्पांनीच सांगितलंय म्हणे, की मशेरी आणायला बाहेर जाईल, कोंडून ठेवा. फोन सरांकडे.

दूधभाकरी येते. कुस्करून, गाळ करून. रतनआई स्वतः भरवतात. मग बोट. तोंड मिटून घेतलं, तर गालावर हात फिरवत बसल्या. लेकरू माझं, म्हणाल्या. आणि मला — मला बरं वाटलं. एवढ्यावरही बरं वाटलं. थू माझ्यावर.

२६ जानेवारी

खाली शाळेतली मुलं झेंड्याची गाणी म्हणत गेली. खिडकीतून हाका मारल्या. त्यांनी हात हलवले.

वरचा पुढचा गेला. टवका उडालेला. दहा वर्षांची होते, खर्ड्याचा किल्ला बघायला सहल गेली होती, पप्पाच मास्तर. सोड्याच्या बाटलीचं बूच दातानं उघडायला गेले आणि कोपरा उडाला. पप्पांनी आधी कान पिळला, मग बाटली उघडून दिली. तो टवका पप्पा कुठंही ओळखतील. जगात कुठंही.

२७ जानेवारी

रतनआई हसल्या.

उजवीकडचा पुढचा. कोपरा उडालेला.

३० जानेवारी

पप्पा येतील. बघतील. टवका बघतील — बस्स. बाकी काही सांगायची गरज नाही. मला बोलता येत नाही, पण त्यांना डोळे आहेत.

दाढा दोन राहिल्यात. जीभ तिथं नेत नाही मी.

२ फेब्रुवारी, रविवार

आलेत! पप्पांचा खोकला. आधी चर्चला नेलं त्यांना, आता जेवायला बसवलंय. म्हणाले, आधी जेवतो, मग तिच्याकडे जातो, उपाशीपोटी नाही बघवणार. जिन्यातून सगळं ऐकू येतंय. लिहिते आहे, पान फाडून दाराखालून सरकवीन — माझ्या तोंडाचं नाही तर कागदाचं तरी वाचतील.

रतनआईंचा आवाज. स्पष्ट. स, त, द, सगळं. किती छान बोलतात.

हसल्या. पप्पा थांबले.

पप्पा म्हणतायत — रतनबाई, तुमचा हा दात — अगदी आमच्या दयासारखा —

ओळखला! देवबापा, ओळखला त्यांनी —

हसतायत. पप्पा हसतायत. खर्ड्याची गोष्ट सांगतायत, सोड्याची बाटली. सर हसतायत. रतनआई म्हणाल्या, की लेक मानलंय ना, मग लेकीसारखा असनारच.

आणि तेही हसले. माझे पप्पा.

ताटं उचलली. ऊस दिला वाटतं. कराकरा. सगळे गप्प, पप्पा एकटेच खातायत.

रतनआई विचारतायत, की गुरुजी, हिरडीतून कधी रक्त येतं का. माझ्या रॉबिनच्या हिरड्या माझ्यावर गेल्यात, त्याचं काय खरं न्हाई, पन तुमचे दात लई ग्वाड हायेत, जपाया पायजेत.

पप्पा म्हणाले, कधीमधी येतं थोडं.

डब्याचं झाकण —

लाथा मारतेय दाराला. नको म्हणता येत नाही. थांबा म्हणता येत नाही. नुसत्या ओठांनी एकच शब्द धड निघतो, पप्पा, पप्पा, पप्पा —

आलो गं म्हणाले. आलोच बाळा, एवढं मंजन लावून घेतो, रतनबाई म्हणतायत पहिल्यांदा त्यांच्याच बोटानं —

पान फाडते. पप्पा, तोंड मिटा, तोंड मि